कीटक, किळस आणि प्रथिने

(पोषण महिन्याच्या निमित्ताने हिंगोली येथे शिक्षक, अंगणवाडी सेविका, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींनी स्मित केले, काहींनी नाक मुरडले आणि एका ज्येष्ठ पंचायत सदस्यांनी तर मला दारातच गाठून विचारले, “साहेब, आज जेवायला काय केलंय, ते आधी सांगा.” त्यांना मी जे आश्वासन दिले तेच आपणा सर्वांनाही देतो. दुपारच्या जेवणात वरण-भात, ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजीच आहे. कोणाच्याही ताटात कीटक वाढण्याचा माझा हेतू नाही. हा खुलासा आरंभीच केलेला बरा. कारण भाषणापेक्षा अफवा आधी पोहोचते, हे माहितीचे काम करणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

तथापि त्या सदस्यांचा प्रश्न हाच आजचा खरा विषय आहे. एखादे अन्न पौष्टिक आहे हे ऐकूनही माणूस ते का खात नाही? त्याच्या नकाराकडे आपण केवळ अज्ञान म्हणून पाहावे, की त्या नकारातही आपल्याला उपयोगी पडणारी काही माहिती असते? कीटकांचे उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे. अन्नाविषयीचा नकार जेथे सर्वांत तीव्र असतो, तेथेच त्याचे स्वरूप सर्वांत स्पष्ट दिसते.

जगातील चित्र

२०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने खाद्य कीटकांविषयी एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. जगातील सुमारे दोनशे कोटी लोकांच्या परंपरागत आहारात कीटकांना स्थान आहे आणि खाल्ल्या जाणाऱ्या कीटकांच्या एकोणीसशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे, असे त्यात म्हटले होते. थायलंडमध्ये रातकिडे पाळण्याचा व्यवसाय चालतो. मेक्सिकोत नाकतोडे भाजून, मीठ-लिंबू लावून बाजारात विकतात. कोरियात रेशमाचा धागा काढून झाल्यावर उरलेले कोषातील किडे उकडून खातात. युरोपीय संघाने २०२१ साली पिवळ्या पीठकिड्याच्या वाळवलेल्या अळीला मानवी अन्न म्हणून प्रथम मान्यता दिली आणि त्यानंतर टोळ व रातकिडा यांनाही दिली. सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये सोळा जातींच्या कीटकांना परवानगी दिली.

या हालचालींमागील कारण उघड आहे. वाळवलेल्या रातकिड्यांत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात आणि ते वाढविण्यास जनावरांच्या मानाने चारा, पाणी व जागा फार थोडी लागते. येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. प्रथिनांचे मोजमाप बहुधा नत्राच्या प्रमाणावरून करतात. कीटकांच्या कवचातही नत्र असते, परंतु ते काही प्रथिन नव्हे. त्यामुळे छापलेला आकडा प्रत्यक्षाहून थोडा फुगलेला असू शकतो. शिवाय ज्यांना कोळंबी किंवा खेकडा सोसत नाही, त्यांना कीटकही बाधण्याचा संभव असतो.

परंतु मुख्य गोष्ट वेगळीच आहे. युरोपात कायद्याने परवानगी मिळाली, शास्त्रज्ञांनी निर्वाळा दिला, वेष्टणावर आकडे छापले गेले. तरीही सामान्य गिऱ्हाईक या पदार्थाकडे फारसे वळलेले नाही. शिक्षणाचा आणि माहितीचा तेथे तुटवडा नाही. म्हणजे अडचण माहितीच्या अभावाची नाही.

आपल्याच राज्यातील उदाहरण

कीटक खाणे ही केवळ परदेशातील गोष्ट आहे असेही कोणी समजू नये. झाडाची पाने जोडून घरटी बांधणाऱ्या लाल मुंग्या, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात, त्यांची चटणी गडचिरोली जिल्ह्यातील माडिया बांधवांच्या आहारात आहे. शेजारच्या बस्तरमध्ये हीच चटणी ‘चापडा’ या नावाने आठवडी बाजारात विकली जाते. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यातील अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या वसमतच्या हळदीलाही याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले. मयूरभंजची मुंग्यांची चटणी आणि वसमतची हळद एकाच कायद्याखाली, एकाच मानाने नोंदल्या गेल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ही चटणी खाणाऱ्या माणसाला आपण मागासलेला म्हणावे काय? त्याने पिढ्यान्‌पिढ्या पारखलेले ते अन्न आहे. कोणत्या झाडावरचे घरटे, कोणत्या ऋतूत, कसे उतरवायचे, हे ज्ञान त्याच्यापाशी आहे. त्याच्या ताटातील पदार्थ आपल्याला चमत्कारिक वाटतो, तसे आपल्या ताटातील काही पदार्थ त्यालाही वाटत असतील. आश्रमशाळांतून काम केलेले शिक्षक येथे असतील. मुलाच्या घरच्या जेवणाची थट्टा वर्गात झाली, तर त्या मुलाचे शाळेवरून मन उडण्यास तेवढे कारण पुरेसे होते, हे ते जाणत असतील.

किळस कोठून येते?

आता आपल्याकडे वळू. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या आपल्या पाचही तालुक्यांत कीटक खाण्याची सर्वसाधारण रूढी नाही. परंतु आठवडी बाजारात सुकट आणि सोडे विकत घेणारी कुटुंबे आहेत. प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात कोळंबी आणि नाकतोडा एकाच संधिपाद संघातले. दोघांनाही सांधे असलेले पाय, दोघांनाही कवच. तरी एकाची आमटी होते आणि दुसऱ्याच्या नावाने अंगावर शहारा येतो. मध हा तर मधमाशीने आपल्या पोटातील पिशवीत साठवून पोळ्यात परत काढलेला मकरंद. तो आपण पंचामृतात घालतो.

रेशमाचे उदाहरण याहून बोलके आहे. मराठवाड्यात अनेक शेतकऱ्यांनी तुतीची लागवड करून रेशीम कोषांचे उत्पादन सुरू केले आहे. कोष उष्णतेत धरल्यावाचून अखंड धागा निघत नाही आणि त्या उष्णतेत आतील किडा मरतो. त्या धाग्याचे वस्त्र आपण सोवळे म्हणून नेसतो आणि देवासमोर बसतो. धागा पवित्र आणि तोच धागा विणणारा किडा किळसवाणा! यात मी कोणाला दोष देत नाही. शुद्ध काय आणि अशुद्ध काय हे पदार्थावर ठरत नसून परंपरेने ठरते, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

या किळसेमागे काही शहाणपणही आहे, हे विसरून चालणार नाही. आपल्या घरात कीटक दिसतो तो कोठे? ज्वारीच्या कणगीत, डाळीच्या डब्यात, उघड्या राहिलेल्या ताटावर. गृहिणी धान्य उन्हात घालते, पाखडते, चाळते. तिच्या लेखी कीटक म्हणजे नासलेल्या अन्नाची खूण, आणि ती खूण खोटी नाही. शाळेच्या खिचडीत अळी निघाली तर पंचनामा होतो, स्वयंपाक करणाऱ्या बाईला उत्तर द्यावे लागते, आणि ते योग्यच आहे. अशा ठिकाणी उठून कोणी सांगू लागले की अळीत प्रथिने पुष्कळ असतात, तर ऐकणाऱ्याने संतापावे की हसावे?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९८६ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. फळांच्या रसात निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ बुडवून काढले आणि तो रस लोकांपुढे ठेवला. झुरळ जंतुरहित आहे हे सांगूनही लोकांना तो रस नकोसा वाटला. बुद्धी म्हणत होती, धोका नाही; मन म्हणत होते, स्पर्श झाला आहे. विटाळाच्या कल्पनेशी या देशातील माणसाचा जुना परिचय आहे. ती कल्पना माणसामाणसांत लावली गेली तेव्हा किती अन्याय झाला, हे आपण जाणतोच. परंतु अन्नाच्या बाबतीत ही भावना केवळ आकड्यांनी पुसली जात नाही, एवढे या प्रयोगावरून दिसते.

मिलोची आठवण

अन्नाच्या नकारामागे किळसेखेरीज आणखी एक गोष्ट असते. ती म्हणजे मान. १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे आपल्या गावागावांत आहेत. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्याचाच भाग होता. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर माणसे राबत होती. स्वस्त धान्याच्या दुकानांतून अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो, मिळत असे आणि कामावर सुकडी वाटली जाई. त्या धान्याने पुष्कळांचे प्राण तगले, हे निर्विवाद आहे. तरीही त्या पिढीतील माणसे मिलोचे नाव काढताच आजही तोंड वाकडे करतात. सुकडीची आठवण मात्र काहीजण गोडीने सांगतात.

असे का झाले असावे? मिलो हीदेखील ज्वारीच होती. पण पांढऱ्याशुभ्र भाकरीची सवय असलेल्या हाताला ती परकी वाटली. तिची निवड कोणी केली नव्हती. ती रांगेत उभे राहून पदरात घ्यावी लागली. सुकडीही फुकटचीच होती, परंतु ती गोड होती आणि शेजारी बसून खाल्ली जात होती. गरजेपोटी घेतलेले आणि निवडीचे स्वातंत्र्य न ठेवता मिळालेले अन्न पोटात जाते, पण मनात राहत नाही. संकट सरताच माणूस ते टाकतो.

याउलट भुईमूग, बटाटा आणि साबुदाण्याचा कंद हे तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतील. आज तेच आपल्या उपवासाच्या ताटात बसले आहेत. त्यांच्यासाठी कोणी सक्ती केली नव्हती. रुचीने आणि सवडीने ते घरात आले आणि त्यांचे परकेपण कधी गेले हे कोणाला कळलेही नाही.

माझी चूक

आता एक अनुभव सांगतो. तो माझ्याच चुकीचा आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात सोयाबीनच्या पौष्टिकतेच्या प्रचाराचे काम माझ्याकडे आले होते. आपल्या जिल्ह्यात खरिपात चहूकडे सोयाबीन दिसते. त्यात दर शंभर ग्रॅमला ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तुरीच्या डाळीच्या जवळजवळ पावणेदोन पट. पिकविणाऱ्याच्या घरात मात्र ते क्वचितच शिजते. ते मोंढ्यात जाते, गिरणीत तेल निघते आणि पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मी एक सुबक पत्रक तयार केले. त्यात आकडे होते, चित्रे होती, घोषवाक्य होते. एका गावात सभा झाली, टाळ्या पडल्या, सोयाबीनच्या पुड्या वाटल्या, छायाचित्रही छापून आले.

महिन्याभराने त्याच गावी जाण्याचा योग आला. एका माउलीला विचारले, “सोयाबीन कसे काय वाटले?” ती संकोचली आणि म्हणाली, “साहेब, लेकरं खाईनात. वास येतो म्हणतेत. दोन डाव केलं, मंग म्हशीला घातलं.”

मला त्या क्षणी तिचेच चुकले असे वाटले. पुढे चौकशी केल्यावर कळले की ती अगदी बरोबर होती. कच्चे सोयाबीन भिजवून वाटले की त्यातील एका विकरामुळे उग्र वास येतो. सोयाबीन उकळत्या पाण्यात टाकून चांगले शिजवून घेतले तर तो वास जवळजवळ जातो आणि पचनाला अडथळा करणारा घटकही निष्प्रभ होतो. माझ्या पत्रकात प्रथिनांचा आकडा होता, वासाविषयी एक अक्षर नव्हते. त्या लेकरांच्या नकारात जी माहिती होती ती माझ्या पत्रकात नव्हती. माहिती देणे हे माझे काम. पण माहिती घेणे हाही त्याच कामाचा भाग आहे, हे मला त्या माउलीने शिकविले.

व्याख्यान की विचारविनिमय?

या बाबतीत एक जुना प्रयोग आपणा सर्वांना उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. प्राण्यांचे हृदय, गुर्दे यांसारखे पौष्टिक पण लोकांना नकोसे वाटणारे भाग घरोघर शिजावेत, अशी तेथील सरकारची इच्छा होती. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने गृहिणींचे गट केले. काही गटांना तज्ज्ञांचे उत्तम व्याख्यान ऐकविले. इतर गटांत थोडी माहिती देऊन बायकांनाच बोलू दिले: घरचे लोक काय म्हणतील, वास कसा घालवावा, शिजवावे कसे. शेवटी करून पाहणार का, याचा निर्णय त्यांनीच घ्यावा असे ठरले. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी पूर्वी कधी न केलेला असा पदार्थ करून पाहिला होता. चर्चा करणाऱ्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी.

मी स्वतः या क्षणी व्याख्यानच देत आहे, हे माझ्या ध्यानात आहे. तेव्हा त्या तीन टक्क्यांवर समाधान न मानता, पुढील काम आपण कसे करावे याविषयी काही सूचना मांडतो आणि लवकरच खाली बसतो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, मुलांना आज लागणारी प्रथिने मिळविण्यासाठी आपल्याला कीटकांपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. ज्वारीच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते, म्हणून भाकरीबरोबर घट्ट वरण हवे. शेंगदाण्याची चटणी आहे, हरभरा आहे, मटकी आहे. ज्यांना चालते त्यांना अंडे आहे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन नीट भाजून दळले तर पोळीचा घास फारसा बदलत नाही. थालीपिठाच्या भाजणीतही ते सहज मिसळते.

दुसरी गोष्ट, पोषण महिन्यात एक तरी सभा अशी घ्यावी की जिच्यात भाषण होणार नाही, चूल पेटेल. गावातील तीन-चार बायकांनी एकच पदार्थ आपापल्या हातवळणीने करावा आणि चव मुलांनी ठरवावी. मुलांनी जे ताटात टाकले त्याची नोंद अंगणवाडीच्या वहीत कारणासह व्हावी. ‘खाल्ले नाही’ एवढे लिहून भागणार नाही. वास आला, घशाला लागले, आजी नको म्हणाली, यांपैकी काय घडले ते लिहावे. ही नोंद आमच्यासारख्यांना कोणत्याही पत्रकाहून अधिक शिकवील.

तिसरी गोष्ट, निवड ठेवावी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय ठेवली होती. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा राज्याचा निधी थांबला. त्या निर्णयावर दोन्ही बाजूंनी बोलले गेले. परंतु दोन मुलांनी शेजारी बसून दोन वेगळे पदार्थ खावेत आणि कोणी कोणाकडे वाकड्या नजरेने पाहू नये, हे शिक्षकांना कोणत्याही निधीवाचून करता येण्याजोगे आहे.

चौथी गोष्ट कीटकांविषयीच. ते आपल्या जिल्ह्यात आलेच, तर बहुधा आधी कोंबडीच्या आणि मासळीच्या खाद्यातून येतील. युरोपात माशांच्या खाद्यात २०१७ पासून आणि कोंबड्यांच्या खाद्यात २०२१ पासून कीटकांच्या प्रथिनांना परवानगी आहे. आपल्याकडेही रेशीम कोषातील उरलेल्या किड्यांचा असा उपयोग होतो. मे २०२० मध्ये टोळधाड विदर्भात अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आली होती. अशा वेळी टोळ गोळा करून कोंबड्यांना घालावेत असा सल्ला कोणी दिला, तर एक गोष्ट निक्षून सांगावी. औषध फवारलेल्या शेतातील कीटक माणसाने खाऊ नयेत आणि कोंबडीलाही घालू नयेत.

शेवटी पुन्हा त्या ज्येष्ठ सदस्यांकडे येतो. “जेवायला काय केलंय” हा प्रश्न त्यांनी विनोदाने विचारला. परंतु घरातील मूलही रोज हाच प्रश्न विचारते आणि ताटावर बसण्यापूर्वी त्याचे उत्तर मिळावे अशी त्याची अपेक्षा असते. शासनाची कोणतीही योजना अखेर त्या ताटापाशी येऊन थांबते. तेथे मूल ‘नको’ म्हणाले, तर त्याला दटावण्यापूर्वी एकदा ‘का नको?’ असे विचारावे. उत्तर बहुधा खरे असते आणि कित्येकदा आपल्याजवळच्या माहितीहून मोलाचे असते.

आता जेवणाची वेळ झाली आहे. वरणात काही निघालेच, तर मला अवश्य दाखवावे. पंचनामा आपण मिळून करू.